लेझी स्ट्रिंग सगळीकडे कशाला पेरायच्या?

खटपट्या
जँगोत, म्हणजे पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये, भाषांतराचा काहीही प्रश्न आला की "लेझी कर ना" म्हणून सगळे मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही म्हणून हा धागा. ज्यांनी वापरलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात, साधं गेटटेक्स्ट बोलावलं की त्या क्षणी जी भाषा चालू असेल तिच्यातला मजकूर लगेच हातात येतो, आणि गेटटेक्स्ट_लेझी मजकूर देतच नाही, एक प्रॉक्सी, म्हणजे मजकुराच्या जागी उभी राहणारी वस्तू, देतं, ती कुणी छापायला घेतली की तेव्हा कुठे भाषांतर होतं. मॉडेल फील्डचं नाव, फॉर्मचं लेबल ह्या गोष्टी फाईल लोड होतानाच ठरतात आणि पान कोण उघडणारे हे तेव्हा माहीत नसतं, तिथे लेझी लागतंच, वादच नाही. पण फंक्शनच्या आत? तिथे रिक्वेस्ट आलेली असते, भाषा ठरलेली असते, मग तिथे लेझी टाकून मिळवलं काय? वर ती प्रॉक्सी दिसते स्ट्रिंगसारखी पण स्ट्रिंग नाहीये, जॉइनला (स्ट्रिंगा जोडणाऱ्या फंक्शनला) दिली की टाइपएरर, साध्या जेसन एन्कोडरला (डेटा जेसन मजकुरात बदलणाऱ्याला) दिली की तोही हात वर करतो. माझं म्हणणं, लेझी फक्त फाईलच्या वरच्या थरात, बाकी सगळीकडे बंदी.

आळसोबा
हे सगळे एरर लगेच दिसतात की. जॉइन फुटला तर टेस्टमध्येच फुटेल, जेसनला जँगोचा स्वतःचा एन्कोडर दे, तो प्रॉक्सीची स्ट्रिंग करून घेतो, विषय संपला. उलट लेझी विसरून साधं गेटटेक्स्ट वर लिहिलं तर काय होतं ते बघ, कधीकधी जँगो ॲप रजिस्ट्री (ॲपांची नोंदवही) तयार नाही म्हणून ओरडतं, ते बरं, पण फाईल उशिरा लोड झाली तर ओरडतही नाही, लोड होताना जी भाषा होती ती त्या लेबलला कायमची चिकटते. मग लोकांना "सगळीकडे लेझी" सांगितलेलं काय वाईट? चुकून जास्त लेझी झालं तर जेमतेम एक एरर येईल, कमी झालं तर अर्धी साईट भलत्याच भाषेत.

आणि कॅशेचं, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचं, कुणी बोलत नाही. पर्यायांची यादी लेझी ठेवून कॅशेत टाकली तर ती पिकल होताना (पायथन तिला साठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलताना) मूळ मजकूर आणि फंक्शनच जातं, बाहेर काढल्यावर ज्याची जी भाषा त्याला त्या भाषेत दिसते. एकच कॅशे, सगळ्या भाषा. साध्या स्ट्रिंगा टाकल्यास तर प्रत्येक भाषेची वेगळी की (चावी) सांभाळत बस.

खटपट्या
कॅशेचा मुद्दा चांगलाय, मान्य. पण "एररच येईल" हे खरं नाही, माझं भांडण जिथे एरर येत नाही तिथेच आहे. देशांची यादी घे. नावं लेझी, आणि फाईलच्या वरच्या थरात कुणीतरी हौसेने सॉर्ट करून ठेवली. सॉर्ट करायला तुलना लागते, तुलनेला मजकूर लागतो, म्हणजे प्रॉक्सी तिथेच उघडली, समज इंग्रजीत, आणि क्रम तिथेच गोठला. नंतर मराठीत पान उघडलं की नावं मराठीत, क्रम इंग्रजीचा: अल्जीरिया, ब्राझील, कॅनडा, डेन्मार्क, इजिप्त... इजिप्त डेन्मार्कच्या खाली! लॉगमध्ये एक ओळ नाही, टेस्ट हिरव्या, कारण टेस्ट इंग्रजीतच चालतात.

दुसरं, मेल. विषय लेझी केला आणि पाठवायचं काम वेगळ्या थ्रेडला (प्रोग्रामच्या आतच समांतर चालणाऱ्या कामाला) दिलं. चालू भाषा ही थ्रेडपुरती असते, नव्या थ्रेडला तुमच्या वाचकाची भाषा ठाऊकच नाही, तिथे प्रॉक्सी उघडली की सेटिंगमधली डिफॉल्ट भाषा. वाचकाने मराठी निवडलेली, मेल इंग्रजीत.

बाराखडी
मेलचा दोष लेझीचा नाहीये पण, भाषा सोबत न पाठवण्याचा आहे. वाचकाची भाषा कामासोबत द्यायची, तिकडे ओव्हरराइडच्या ब्लॉकमध्ये (तेवढ्यापुरती भाषा बदलून) मेल बनवायचा. साधं गेटटेक्स्ट असलं तरी मेलचा टेम्प्लेट तिकडेच रेंडर होणार ना, मग विषय मराठीत आणि आतला मजकूर इंग्रजीत, ते जास्तच विचित्र.

नवशिक्या
मध्येच विचारतो, एफ-स्ट्रिंगमध्ये (पायथनची स्ट्रिंग, जिच्यात कंसात व्हेरिएबल भरतात) लेझी टाकलं तर चालतं का?

बाराखडी
चालतं, पण त्याच क्षणी उघडतं, म्हणजे लेझी राहिलंच नाही. जोडून पुढे लेझीच ठेवायचं असेल तर फॉरमॅट_लेझी आहे, जँगो १.११ पासून. आणि उलटं, गेटटेक्स्टच्या कंसात एफ-स्ट्रिंग तर कधीच नको, नाव भरलेलं वाक्य कॅटलॉगमध्ये (भाषांतरांच्या यादीत) सापडणारच नाही, मूळ वाक्य जसंच्या तसं बाहेर.

रात्रपाळी
मी खटपट्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. एक्सेप्शनमध्ये (बिघाड झाल्यावर उठणाऱ्या एररमध्ये) लेझी मजकूर टाकतात लोक आणि तोच लॉगमध्ये जातो. मग एकच बिघाड लॉगमध्ये तीन भाषांत पडतो, शोधायचं काय? रात्री तीन वाजता ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) कशावर मारू? लॉगला कोड आणि आकडे द्या, माणसाला वाक्य द्या. जँगोच्या व्हॅलिडेशनएररमध्ये मेसेज, कोड, पॅरॅम्स वेगळे ठेवलेत ते काय शोभेला?

आळसोबा
लॉगचं पटलं. पण बंदीला पर्याय काय ते खटपट्याने अजून सांगितलंच नाही.

खटपट्या
सांगतो. गेटटेक्स्टमध्ये ही सोय जुनीच आहे, नूप (गेटटेक्स्ट_नूप). मजकुरावर नुसती खूण करायची म्हणजे तो कॅटलॉगमध्ये उचलला जातो, हातात साधी स्ट्रिंगच राहते, आणि दाखवताना एकदा गेटटेक्स्ट. प्रॉक्सी नाही, जादू नाही, कामांच्या रांगेत टाका, डेटाबेसमध्ये टाका, कुठेही जाते.

आळसोबा
आणि ते "दाखवताना एकदा" कोण लक्षात ठेवणार? शंभर टेम्प्लेटांत एका ठिकाणी राहिलं की तिथे मूळ इंग्रजी, तेही बिनआवाजी. देशांच्या यादीत जे तुला खुपलं तेच तू आता दाराशी आणून ठेवतोयस. प्रॉक्सी निदान विसरत नाही रे.

खटपट्या
विसरलेलं गेटटेक्स्ट पानावर इंग्रजी म्हणून ठळक दिसतं, चुकीचा क्रम दिसत नाही. रांगेत आणि डेटाबेसमध्ये जाणाऱ्या मजकुराला तरी नूप किंवा नुसता कोड, ह्यावर मी हटणार नाही. कॅशेपुरतं लेझी राहू दे, पण यादी सॉर्ट करायची ती व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये), रिक्वेस्ट आल्यावर.

रात्रपाळी
सॉर्ट कोलेशन (त्या भाषेचे क्रमाचे नियम) लावून करा रे, नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर 'ळ' 'व'च्या आधी येतो. पण ते वेगळं दुखणं.