ग्रुप फिटनेस स्टुडिओ लावलेल्यांनी अनुभव सांगा (गुडघा + बीपीची गोळी)

रानजाई

नमस्कार. वय 47, राहते कर्वेनगरला. सकाळची वेताळ टेकडी चालू आहे आणि ती सोडणार नाही. पण या वेळच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या चालण्यावर भागणार नाही. पाळी जायच्या सुमारास हाडं आणि स्नायू दोन्ही उतरणीला लागतात, तेव्हा वजनं उचलायला लागा.

एकटीने जिममध्ये जाऊन मशीनपुढे उभं राहायला मला जमत नाही. घराजवळ एक ग्रुप फिटनेस स्टुडिओ निघालाय. पाऊण तासाची बॅच, दोन दिवस डंबेल-केटलबेल (वर कडी असलेलं गोल वजन), दोन दिवस हिट (थोडा वेळ पूर्ण जोरात, मधे थोडी विश्रांती), शनिवारी झुम्बा. छातीला पट्टा बांधायला देतात आणि समोरच्या स्क्रीनवर प्रत्येकाचे ठोके निळा, हिरवा, नारिंगी, लाल अशा रंगांत दिसतात.

उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, एक्सरेत सुरुवातीची झीज दिसली आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेते, बीपी आटोक्यात आहे. महिन्याची फी 3,500, वर्षाची एकदम भरली तर 24,000, आणि ही सवलत म्हणे याच आठवड्यापुरती. जे अशा ठिकाणी जातात किंवा जाऊन सोडलंय त्यांनी लिहा. ट्रेनर खरंच आपल्याकडे बघतात, की पुढे उभे राहून स्वतःचाच व्यायाम उरकतात? गुडघेवाल्यांना सांभाळून घेतात का? येत्या गुरुवारी ट्रायल आहे.

ठाणेकरीण

रानजाई, जरूर जा. मी 54 वर्षांची आहे, पंचेचाळिशी उलटल्यावर सुरू केलं आणि आता बॅच चुकली की दिवस अर्धवट वाटतो. मी जाते तो स्टुडिओ अगदी साधा आहे. एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा हॉल, एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात डंबेलचा रॅक. स्क्रीन नाही, रंगीत दिवे नाहीत. पण आमची ट्रेनर बघते. सगळा फरक तिथेच पडतो, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

डेडलिफ्ट, म्हणजे कंबरेतून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, शिकवताना तिने आम्हाला सुरुवातीला वजनाला हातसुद्धा लावू दिला नाही. प्रत्येकीच्या हातात पीव्हीसीचा पाईप दिला. तो पाठीमागे उभा धरायचा: डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही जागा पाईपला टेकलेल्या. मग गुडघे किंचित सैल सोडून कंबरेतून पुढे झुकायचं आणि ढुंगण मागे न्यायचं, हात भरलेले असताना कपाटाचं दार मागच्या मागे ढकलतो तसं. तिन्हीतली एक जागा जरी सुटली तरी ती येऊन पाईपवर टिचकी मारायची. माझं माकडहाड दर वेळी सुटायचं. ज्या दिवशी सुटलं नाही त्या दिवशी मांडीच्या मागचा स्नायू असा ताणला गेला की तो तिथे आहे हे मला तेव्हाच कळलं. त्यानंतर केटलबेल हातात आली. कंबर एकदाही धरली नाही.

तर ट्रायलला गेलात की स्वतःचा व्यायाम कसा झाला हे सोडून द्या, ट्रेनर काय करतो ते बघा. सुरू करण्याआधी "कुणाला काही त्रास आहे का, नवीन कोण आहे" असं विचारतो का? क्लासमध्ये फिरतो का? तुमच्या गुडघ्यासाठी उडीऐवजी दुसरं काय करायचं हे त्याला विचार न करता सांगता येतं का? एका ट्रेनरमागे किती जण आहेत तेही मोजा. दहा-बारापर्यंत ठीक. पंचवीस जणांवर एकाची नजर पुरत नाही, तो कितीही चांगला असो.

आता पट्टा आणि स्क्रीन. हे नीट वाचा, कारण तुम्ही मेटोप्रोलॉल घेता. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी, ठोके फारसे वाढू देत नाही. ते तिचं कामच आहे. आणि स्क्रीनवरचे रंग बहुतेक ठिकाणी 220 वजा वय या हिशोबावर बसवलेले असतात. तुमच्यासाठी ते 173 धरणार. तुम्ही घामाघूम व्हाल, धाप लागेल आणि स्क्रीन तुम्हाला निळ्यातच दाखवेल. माझी मैत्रीण अशाच एका ठिकाणी जायची, तिला रोज माइकवरून नाव घेऊन "अजून जोर लावा" सांगायचे. तिला एकदा चक्कर आली, तेव्हा कुठे कुणी गोळ्यांची चौकशी केली. माझा जीव अजून तळमळतो ते आठवून. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा, फॉर्मवर लिहून द्या आणि रंगांकडे बघूच नका. बोलण्यावरून अंदाज घ्या: वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, म्हणजे मध्यम जोर. दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जास्त. आणि वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. श्वास कोंडला की बीपी एकदम वर चढतं.

हिटची बॅच तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. डंबेल-केटलबेलचे दोन दिवस मात्र चुकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींतही हेच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. पहिला भाग तुमची टेकडी बघतेच आहे.

माझ्यात काय बदललं म्हणाल तर वजन फारसं नाही. पण गौरींच्या वेळी पाटावर मांडी घालून बसते आणि हात न टेकता उठते. ठाणे स्टेशनचा पूल सामान घेऊन एका दमात चढते. आणि बॅचमधल्या बायका! न सांगता दोन दिवस गेलं नाही की साडेसहाला फोन येतो. एकीच्या सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत आम्ही आळीपाळीने तिच्याकडे डबा पोचवला. असं मशीनपुढे एकटीने उभं राहून मिळत नाही.

सह्यभटक्या

माझा अनुभव उलटा आहे, तोही असू द्या. नाशिक, वय 39, ट्रेकसाठी ताकद हवी म्हणून लावलं होतं. तिथे सगळा खेळ घड्याळाशी. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती, फळ्यावर प्रत्येकाचे आकडे. दमलेल्या माणसाला घाईत केटलबेल स्विंग करायला लावलं की पहिल्यांदा पाठ वाकते. माझ्या शेजारच्याची रोज वाकायची, आणि गाणं इतकं मोठं की ट्रेनरने हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. घड्याळाशी शर्यत बर्पीला (खाली हात टेकून, पाय मागे टाकून, उठून उडी) चालेल, डेडलिफ्टला मुळीच नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं आणि त्यासाठीच सोडलं.

पैशाचं सांगतो. वर्षाचे एकदम भरू नका. आमचा स्टुडिओ मधेच दुसरीकडे हलला, घरापासून बारा किलोमीटरवर. उरलेले पैसे मागितले तर "पावतीच्या मागे लिहिलंय, परतावा नाही". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली, पाठपुरावा केला, तेव्हा काही रक्कम मिळाली. भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: आजारपणात मुदत किती थांबवता येते, जागा बदलली तर काय, आणि सदस्यत्व दुसऱ्याच्या नावावर करता येतं का. बिलही बघा. जिम-फिटनेस सेंटरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. "याच आठवड्यापुरती सवलत" पुढच्या महिन्यातही असते, खुशाल थांबा.

कृष्णाकाठ

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण तेवढंच लिहिते. सुरुवातीची झीज आहे म्हणून ताकदीचे व्यायाम टाळायचे नसतात. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू सुधारले की जिना उतरताना गुडघ्याला आधार मिळतो. स्क्वॉट मागे स्टूल ठेवून करा: सावकाश टेकायचं, उठायचं. उंची त्रास न होईल इतकी ठेवा आणि हळूहळू स्टूल बुटकं करत न्या. उड्या आणि खोल लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) सध्या बाजूला. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर हरकत नाही. सूज आली, गुडघा अडकला किंवा दगा देतोय असं वाटलं तर थांबा आणि दाखवा. मांड्या भरून येणं वेगळं, ते एक ते तीन दिवसांत आपोआप जातं.

एक गोष्ट ट्रेनरला विचाराच: ओढायचे व्यायाम किती आहेत? आपल्याकडे घरी सूर्यनमस्कार पुष्कळ जण घालतात आणि ते उत्तमच, पण त्यात जमिनीला रेटणं आहे, वजन आपल्याकडे ओढणं नाही. डंबेल रो (वाकून डंबेल पोटाकडे ओढणं), बँड ओढणं हवं. खांदे पुढे आलेल्या, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या बायकांना त्याची फार गरज असते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाणेकरीणताई, तुमचं वाचून गेले म्हणून बरं झालं.

ट्रायल करून आले. चौदा जण होते, ट्रेनर मुलगा तरुण आहे पण फिरत होता. गुडघ्याचं सांगितल्यावर त्याने लगेच लाकडी खोका आणून मागे ठेवला. गोळीचं सांगितलं तर तो जरा गडबडला. पण "मला हे माहीत नव्हतं, विचारून सांगतो" म्हणाला, आणि संध्याकाळी खरंच फोन करून सांगितलं की तुमचा पट्टा राहू दे, आपण तुमच्या दमावर जाऊ. न लपवता बोलला म्हणून मला तो आवडला. रो आठवड्यातून एकदाच आहेत, ते वाढवायला सांगितलंय. हिट नको म्हटलं. तीन महिन्यांचे भरतेय, जागा बदलल्यास परतावा असं मेलवर लिहून मागितलंय, ते आलं की पैसे देणार.

आता बूट. माझे चालायचे आहेत, जाड मऊ तळव्याचे. तेच चालतील?

ठाणेकरीण

टेकडीला ते ठीक, डेडलिफ्ट-स्क्वॉटला नको. मऊ तळव्यावर पाय डुगडुगतो आणि टाच रुतते. सपाट, कडक तळव्याचे साधे कॅनव्हासचे चालतात, मी तेच घालते. झुम्बाला जाणार असाल तर वेगळे लागतील, तिथे पाय बाजूला सरकवत वळावं लागतं, आणि खोलवर पकड घेणारा तळवा असला की पाऊल अडकून गुडघा पिळवटतो. तुमच्या उजव्या गुडघ्याला ते अजिबात नको. लेखी आलं का ते कळवा.