रेसवरून आलेली घोडी आणि माझा पहिला शो: ड्रेसाज की ६० सेंमी उड्या?

घोडनदीकर
पुण्याजवळच्या एका छोट्या क्लबात घोडेस्वारी शिकते. वय ४३, नोकरी बँकेत, शनिवार-रविवारची पहाट तबेल्यात. जानेवारीत क्लबचा शो आहे. सरांनी दोन प्रकारांत नाव द्यायला सांगितलंय: नवशिक्यांचं ड्रेसाज (ठरलेल्या हालचाली क्रमानं करून दाखवायच्या) आणि ६० सेंमी उंचीच्या अडथळ्यांवरच्या उड्या.

घोडी रेसवरून आलेली थरोब्रेड आहे, तांबडी, कपाळावर चांद. एरवी इतकी समजूतदार की मोतद्दार मामांची नात तिला खरारा करते. ६० सेंमीचा अडथळा आमच्या मैदानावर ती दुडकीतूनही पार करते. पण गणपतीत शेजारच्या गावात स्पीकर लागले आणि तिचं अंग ताठ झालं, मानेला घाम फुटला. कँटर, म्हणजे संथ दौड, मागितला तर सरळ भरधाव. मी लगाम जेवढा खेचला, तेवढी ती जास्त पळाली.

शोला माइक असणार, मंडप असणार, पालक टाळ्या वाजवणार. शिवाय त्याच सकाळी हीच घोडी एका मुलाला ८० सेंमीसाठी दिली आहे. माझ्या वर्गात बाकी सगळी १२-१३ वर्षांची मुलं. बक्षीस मिळालं नाही तरी चालेल, पण आमची फेरी शांतपणे पूर्ण व्हावी असं फार वाटतं. कशात उतरू? आणि कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा क्रम आणि वाट, लक्षात कसा ठेवतात?

निवृत्त दफेदार
ताई, मी जयपूरला ६१ कॅव्हलरीत होतो. राजपूत, कायमखानी आणि आपली मराठा माणसं, अशी ती रेजिमेंट. आमच्याकडेही रेसवरून आलेले घोडे असायचे, म्हणून लिहितो.

लगाम ताणला म्हणजे थांबायचं, हे रेसच्या घोड्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पळताना जॉकी लगामावर ताण धरून असतो आणि घोडा त्या ताणावर भार टाकून वेग घेतो. तुम्ही खेचलं, ती पळाली. तिच्या हिशेबानं तिनं तुमचं ऐकलं. स्पीकर आणि गर्दी म्हणजे तिच्यासाठी रेसचा दिवस.

म्हणून खेचायचं नाही. धरा, सोडा, परत धरा. खोगिरात खोल बसा, श्वास पूर्ण सोडा आणि २० मीटरच्या वर्तुळावर घ्या. वर्तुळात घोडा स्वतःच वेग कमी करतो, त्याला वाकावं लागतं ना. ती हलकी झाली की लगाम लगेच सैल करा. हे त्याच क्षणी झालं पाहिजे, नाहीतर तिला कळत नाही की बरोबर काय केलं.

आजपासून खरारा करताना, वैरण खाताना मोबाइलवर टाळ्या-घोषणा लावा. आवाज बारीक ठेवा, कान स्थिर राहिले की थोडा वाढवा. आदल्या दिवशी मैदानात हातात धरून फिरवा, पंचांचं टेबल आणि छत्री हुंगू द्या. शोच्या सकाळी गवत आधी, दाणा कमी. पाणी तोडू नका.

माझं मत: या वेळी फक्त ड्रेसाज. उड्या पुढच्या शोला.

ऋता मुंबई
दफेदार काकांचं लगामाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. मत मात्र पटलं नाही. अशा घोडीला २० बाय ४० मीटरच्या चौकटीत, जागा दाखवणारी इंग्रजी अक्षरं मोजत फिरवणं उड्यांपेक्षा अवघड जातं. ए पासून आत, एक्सवर थांबून सलाम, समोर सी वर पंच. प्रत्येक हालचालीला १० पैकी गुण, म्हणजे तिची बेचैनी कागदावर उमटणारच. समोर अडथळा दिसला की तिला काम मिळतं, डोकं तिकडे वळतं.

कोर्स कसा लक्षात ठेवायचा? सगळ्यांबरोबर चालून झाला की एकटीनं परत चाल. अडथळे पाठ करण्यापेक्षा वळणं पाठ कर, कारण चुका वळणांवर होतात. तुझी पावलं तीन-तीन फुटांची कर. पहिली दोन पावलं घोडी उतरते तिथली, शेवटची दोन उडी घेते तिथली, मधल्या दर चार पावलांची कँटरची एक ढांग. वीस पावलं भरली तर मध्ये चार ढांगा. लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे, हे सरावाच्या अडथळ्यालाही लागू.

पंचांच्या घंटेआधी निघालीस तर बाद. घंटेनंतर एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) नियमात सुरुवात करायला ४५ सेकंद असतात, तुमच्या शोचं पत्रक बघून घे. तेवढ्या वेळात एक मोठं वर्तुळ आरामात होतं, घाई नको.

आणि वयाचं मनातून काढ. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७१ व्या वर्षी ड्रेसाजला उतरले होते. १९६४ च्या टोकियोत ते उड्यांमध्ये होते. या खेळात बाई-पुरुष एकाच यादीत असतात, मग ४३ आणि १३ एका यादीत असायला काय हरकत आहे?

घोडनदीकर
दोघांचेही मनापासून आभार. आज वर्तुळावर धरा-सोडा करून पाहिलं. तिनं पहिल्यांदाच मान खाली सोडून फुरफुर केली. मामा कठड्यावरून "आता बरोबर!" म्हणाले, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

काका, ८० सेंमीच्या मुलाचं काय करू? तो माझ्या आधी आहे.

निवृत्त दफेदार
आधी आहे ते बरंच. घोडी मोकळी झालेली असेल, तुम्ही वेगळा मोठा सराव घेऊ नका. पाच मिनिटं चालवा, थोडी दुडकी, एक छोटी उडी, बस. पण दोघांच्या सरावाच्या उड्या मिळून किती होणार हे सरांशी आजच ठरवा. घोड्याचे पाय सकाळीच संपतात ते अशा सरावात, फेरीत नाही. मुलगा उतरल्यावर मामांना चारही पायांवरून हात फिरवायला सांगा. कुठे गरम लागलं, किंवा दुडकीत मान वरखाली झाली, तर नाव मागे घ्या, मग सर काहीही म्हणोत.

ऋताताईंचं ऐकून उड्यांना उतरणार असाल तर माझी हरकत नाही. मग ड्रेसाज सोडा. दोन्ही नको, एका सकाळी दोन स्वार आणि तीन प्रकार हे तिच्यावर फार होतं.

घोडनदीकर
६० सेंमीचं नाव ठेवलं, ड्रेसाजचं काढलं. सर थोडे नाराज झाले, पण सरावाच्या उड्या दोघांत मिळून सहा, हे त्यांनी मान्य केलं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) फेरीआधी पुन्हा तपासायचा की एकदा बांधला की पुरे?

ऋता मुंबई
परत तपासायचाच. बांधताना घोड्या पोट फुगवून उभ्या राहतात ना, दुडकीनंतर तंग हमखास एखादं भोक सैल झालेला असतो. आत जायच्या आधी मामांना बघायला सांग, तू खाली वाकू नकोस.