दिब्रू-सैखोवाचे रानघोडे: गावं उठवली तरच वाचतील का?

रानवाट_सांगली:
डिसेंबरात आसामला चाललोय. तिनसुकियाजवळच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात रानघोडे आहेत म्हणे. दुसऱ्या महायुद्धात फौजेने आणलेल्या घोड्यांचे वंशज, म्हणजे मूळचे पाळीवच ना? मग जपायचे कशाला? आणि आतली गावं हलवायला हवीत का?

चहामळा:
दादा, चार वर्षं तिनसुकियाला नोकरीला होते, म्हणून सांगते. गुइजान घाटावरून नाव सुटते. पहिल्या दोन खेपांना मला नुसती वाळूत सुकलेली लीद दिसली. तिसऱ्या खेपेला नावाड्याने इंजिन बंद करून नुसता हात वर केला. समोरच्या चापोरीवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटावर, सात घोडे. आयाळीत काटेकुटे अडकलेले. एका घोडीने कान टवकारले, शिंगरू तिच्या आडोशाला गेलं आणि क्षणात सगळे गवतात शिरले. गवत मात्र बराच वेळ हलत होतं. पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मपुत्रेचे पूर काढणारं जनावर पाळीव कसलं?

आता गावं. लाइका आणि दोधिया, मिसिंग या नदीकाठच्या आदिवासी लोकांची. १९५०च्या भूकंपानंतर नदीने जमिनी गिळल्या तेव्हा ते इथे आले. राष्ट्रीय उद्यान झालं १९९९ साली. आधी माणसं, मग उद्यान! पण अतिक्रमण त्यांचं ठरलं. ना वीज होती, ना धड शाळा. २०२०च्या डिसेंबरात तेच तिनसुकियात धरणं धरून बसले, बाहेर नीट जमीन द्या म्हणून. त्याच वर्षी मे महिन्यात उद्यानाला लागूनच बागजानची तेलविहीर फुटली, जूनमध्ये पेटली, ती विझायला नोव्हेंबर उजाडला. ते काही गावकऱ्यांनी केलेलं नाही.

माळरान:
मंगोलियाचं उदाहरण बघा. तखी, म्हणजे तिथला मूळचा रानघोडा, रानातून संपला होता. १९९२मध्ये युरोपातून आणून तिथल्याच हुस्ताई भागात पुन्हा सोडला. पाळीव घोड्यांशी संकर होऊ नये ही तिथली मोठी काळजी. आसपासच्या पशुपालकांनी आपले कळप आवरले नाहीत तर सगळं मुसळ केरात.

चहामळा:
अगदी खरं. आमचा नावाडी मिसिंगच. कळप कुठल्या चापोरीवर आहे आणि घोडे पकडायला बाहेरचं कोण आलंय, हे त्याला सगळ्यांआधी कळायचं. अशा माणसाला उठवून दूर नेलंत तर घोड्यांवर नजर कोण ठेवणार? त्याला तिथेच पगारी राखणदार करा, असं मी तेव्हाही म्हणत होते.

रानवाट, दुर्बीण न्या आणि पहाटेचीच नाव धरा.