मदत हवी आहे: किर्कुकमधल्या जुन्या माणसांच्या आठवणी

इराकमधल्या किर्कुकवर आमच्या वाचनालयात अर्धा तास बोलायचंय, पुढच्या महिन्यात. राजकारणाचा भाग झालाय, म्हणजे १९२७ ला शहराजवळच्या बाबा गुरगुरला तेल लागलं, मग तेल कंपनीच्या नोकऱ्यांसाठी चहूकडून लोक आले, १९५७ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली तेव्हा शहरात तुर्कमेन (तुर्कीशी नातं असलेली भाषा बोलणारे) सगळ्यात जास्त, कुर्द थोडेच मागे, नंतर अरब, शिवाय असिरियन ख्रिश्चन, आणि पुढे सद्दामच्या काळात कुर्द-तुर्कमेनांना हाकलून अरब वसवले. हे सगळं मिळतं हो, पण माणसं कुठेच दिसत नाहीत! एकाच बाजारात चार भाषा बोलणारी ही माणसं रोज कशी जगत होती हे मला सांगायचंय, नाहीतर भाषण नुसतं भांडणाचंच होईल.

इंग्रजी अभ्यासग्रंथ, बातम्या, मानवी हक्कांचे अहवाल चाळून झालेत, ते नकोत. किर्कुकमध्ये वाढलेले कवी सार्गोन बूलुस आणि फाझिल अल-अझ्झावी यांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वाचलेत. अरबी, तुर्की येत नाही, इंग्रजी-हिंदी चालेल, महागडं पुस्तक मागवणं जमणार नाही.

तर १९४०-५० च्या किर्कुकमधल्या, खासकरून अराफा या तेल कंपनीच्या वसाहतीतल्या कामगारांच्या किंवा तुर्कमेन-कुर्द घरांतल्या आठवणी, मुलाखती इंग्रजीत फुकट कुठे वाचायला-ऐकायला मिळतील?