तिखाडीचं तेल घरी काढलं, हाती नुसतं वासाचं पाणी आलं

शहाद्याचा नातू:
नमस्कार मंडळी, आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. आजी गुडघ्याला तिखाडीचं तेल चोळायची, काही जण रोशा गवत म्हणतात, गुलाबासारखा पण मधेच गवताचा तिखट असा तो वास अजून नाकात आहे. मागच्या आठवड्यात, ऐन ऑगस्टमध्ये, बांधावरची तिखाडी कापून आणली, पाच लिटरच्या कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली आणि तासभर वाफ काढली. पाणी भरपूर आलं, वास पण छान, पण तेल म्हणाल तर वर नुसता चकाकणारा पापुद्रा. माझं कुठे चुकलं? आजी आता नाही, आईसाठी थोडं तरी काढायचंय.

भट्टीवाला नाना:
भाऊ, तू गवत कापलंस ऑगस्टमध्ये, तेव्हा तिखाडीला तुरा कुठे असतो? तेल मुख्य तुऱ्यात आणि पानात, दांड्यात जवळजवळ काहीच नाही. पावसाळा सरला की तुरे येतात, फुलं उमलून बी धरायला लागलं की कापायचं. कापल्यावर एक दिवस सावलीत सुकू दे, उन्हात टाकलंस तर निम्मा वास तिथेच उडतो. आणि हिशोब बघ, चांगल्या ओल्या गवताच्या शंभर किलोला तेल अर्ध्या किलोच्या आतबाहेर, तुझ्या कुकरात मावणार दीड किलो, म्हणजे अगदी सगळं नीट झालं तरी चमचा दीड चमचा, त्यातलं बरंचसं नळीलाच चिकटणार.
आमच्याकडे आधी देगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, गवत आणि पाणी एकत्र घालून खालून जाळ करायचे, तळाचं गवत करपलं की अख्ख्या घाण्याला जळका वास यायचा. म्हणून गवत पाण्याच्या वर जाळीवर ठेव, वाफ खालून जाऊ दे. दोन-तीन तास तरी लागतात, घाई नको. आणि कुकरच्या झाकणाला नळी जोडलीस तर ती कुठे तुंबत नाही ना ते आधी फुंकून बघ, नाहीतर स्फोट होईल, हे मी मनापासून सांगतोय.

अत्तरवाली प्राची:
नानांच्या म्हणण्यात एक भर घालते. ते वासाचं पाणी फेकू नका! या तेलात जिरेनिऑल, म्हणजे गुलाबासारखा वास देणारा घटक, भरपूर असतं, चांगल्या मालात 75 ते 90 टक्के, आणि ते पाण्यात थोडं विरघळतं, म्हणून तेच पाणी पुढच्या घाण्यात परत घालायचं. तेल वेगळं करायला अरुंद मानेची बाटली घ्या, पाणी मानेपर्यंत भरलं की तेल मानेत गोळा होतं, मग सिरिंजने ओढून घ्यायचं. लोखंडाची गंजकी नळी नको, तेलाचा रंग बिघडतो.
बियाणं किंवा तेल विकत घेणार असाल तर मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार असतात हे लक्षात ठेवा. गुलाबाचा वास मोतियाचा, सोफियात जिरेनिऑल कमी आणि वास ओबडधोबड, म्हणून भावही कमी. जुन्या काळी खानदेश आणि मध्य प्रदेशातलं हे तेल मुंबई बंदरातून इस्तंबूलला जायचं आणि तिकडून बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं, म्हणून युरोपात त्याचं नावच टर्किश जिरेनियम पडलं. तिखाडी आपल्या डोंगरातली आणि नाव दुसऱ्याचं, याचं मला आजही वाईट वाटतं. आज साबण, अगरबत्ती, परफ्युममध्ये जातं.

शेवंता ताई:
आईंसाठी म्हणताय म्हणून सांगते, निव्वळ तेल कातडीवर लावू नका. जिरेनिऑलने काहींना पुरळ येतं, माझ्या हातावर आलं होतं. एक छोटा चमचा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब पुरे, आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. जखमेवर, डोळ्याजवळ नको, आणि पोटात तर अजिबात घ्यायचं नाही.

शहाद्याचा नातू:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाणी फ्रीजमध्ये बाटलीत ठेवलंय, आई म्हणते चेहऱ्याला लावू का, तर शेवंता ताईंचं ऐकून आधी कोपरावर लावायला सांगितलंय. नाना, दसऱ्याला गावी येतोय, तेव्हा तुरे आलेले असतील का? या वेळी फक्त वरचे तुरे खुडून भरतो.

भट्टीवाला नाना:
दसऱ्याला तुरे दिसतील, दिवाळीच्या आसपास कापलंस तर जास्त बरं. काचेची काळी बाटली घे, काठोकाठ भर, रिकामी जागा राहिली की तेल लवकर खराब होतं.