मदत हवी आहे: क्लॉकचा सिग्नल शेजारच्या तारेत घुसतोय

राम राम मंडळी. धुळ्यात राहतो, चिप लेआउटचं विचारावं असं जवळपास कोणी नाही, म्हणून इथे विचारतोय.

मॅजिक या लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्काय१३० या चिप बनवायच्या प्रक्रियेवर छोटा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारं सर्किट) काढलाय. त्यातल्या कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाच्या) इनपुटची तार आणि क्लॉकची तार दोन्ही मेटल २ या धातूच्या थरावर आहेत आणि बरंच अंतर अगदी खेटून धावतात. स्कीमॅटिकचं सिम्युलेशन एकदम चोख. पण लेआउटमधले पॅरासिटिक (तारांमुळे आपोआप येणारे कपॅसिटन्स वगैरे) हिशोबात धरून एनजीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये चालवलं की क्लॉक वर-खाली होताना प्रत्येक वेळी इनपुटवर टोकदार काटा उठतो. डीआरसी (लेआउटचे नियम पाळलेत का) आणि एलव्हीएस (लेआउट स्कीमॅटिकशी जुळतो का) या तपासण्या स्वच्छ आहेत (असणारच, त्यांना तारांमधल्या कपलिंगशी काय देणंघेणं!).

दोन तारांमधलं ०.१४ मायक्रॉनचं अंतर दुप्पट केलं. काटा बसला थोडा, गेला नाही. या थरातली तार ०.१४ रुंद आणि ०.३६ मायक्रॉन जाड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतीच मोठ्या. नुसतं सरकवून भागेल असं वाटत नाही.

आता मधून आडोसा म्हणून ग्राउंडची तार टाकायचा विचार आहे. ती अ‍ॅनालॉग ग्राउंडला जोडू की डिजिटल? एका टोकाला जोडून चालतं, की जागोजागी व्हिया (थरांना जोडणारे उभे दुवे) लागतात? तिच्यामुळे इनपुटवरचा कपॅसिटन्स वाढून सेटलिंग (व्होल्टेज स्थिरावणं) मंदावेल, त्याचं काय? की सरळ क्लॉकच मेटल ४ वर नेऊन काटकोनात ओलांडू? क्लॉकचा बफर लहान करायचं एकाने सुचवलं, पण मग क्लॉकची कडा ढिली पडून जिटर (कडेच्या वेळेतली चलबिचल) वाढेल.

ज्यांनी प्रत्यक्ष टेपआउट केलंय (चिप बनवायला पाठवलीय) त्यांनी जरूर सांगा. लेआउटचा फोटो हवा तर टाकतो. दुपारी लाइट नसते, संध्याकाळी उत्तर देईन.