मदत हवी आहे: मेसेजमधला संदर्भ कसा शिकवायचा?
नमस्कार मंडळी, ऑफिसात नवीन आलेल्या मुलांसाठी मेसेज-ईमेल लिहिण्यावर छोटं सेशन घ्यायचंय. "उद्या यायची गरज नाही" हे आजारी माणसाला पाठवलं तर आपुलकी वाटते, पण कालच साहेबांशी वाजलेलं असेल तर तेच वाचून पोटात गोळा येतो. बोलताना आवाज असतो, चेहरा असतो, लिहिताना ते सगळं गळून जातं, म्हणून तर १९८२ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी मस्करीच्या पोस्टला हसरा चेहरा टाकायचं सुचवलं, पण ऑफिशियल मेलमध्ये स्मायली किती टाकणार? लिहिणाऱ्याच्या डोक्यात आधीचं सगळं असतं त्यामुळे त्याला वाटतं लिहिलंय ते स्पष्टच आहे, हे मुलांना जाणवून कसं द्यायचं? कोणी असा सराव घेतला असेल तर प्लीज सांगा, नुसती उदाहरणं दिली तरी चालतील.